अर्ध्या वॅटची मैफल

लग्नासाठी स्थळे पाहणे आणि गिटारसाठी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर पाहणे या दोन गोष्टींत विलक्षण साम्य आहे. दोन्हींत सल्ला देणारे फार. दोन्हींत जे कागदावर टिपलेले असते ते पुढे घरात नांदताना फारसे उपयोगी पडत नाही. आणि दोन्हींत, ज्याला जन्म काढायचा असतो त्याचे मत सर्वांत शेवटी विचारले जाते. फरक असलाच तर एवढाच, की स्थळ पाहायला गेल्यावर निदान पोहे तरी मिळतात. वाद्यांच्या दुकानात तेही नाही.

पण ही पेटी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी गिटार असेल. एखाद्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलासाठी आणलेली आणि त्यानंतर खुंटीला लागलेली. ती पोकळ लाकडाची. मी म्हणतो ती विजेची गिटार, आणि ती मुळात अगदी अबोल. भरीव लाकडाची एक फळी, सहा पोलादी तारा, आणि तारांखाली लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. तार थरथरली की वेटोळ्यांत विजेची एक क्षीण लहर उठते. एका व्होल्टचा लहानसा अंश. नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीत पापड लाटत बसलेल्या माणसालाही पत्ता लागायचा नाही. ती लहर वाढवत वाढवत स्पीकरपर्यंत पोचवायची, हे अँप्लिफायरचे काम. म्हणून तो या वाद्याचा हरकाम्या नव्हे. तो अर्धे वाद्यच आहे. सतारीचा भोपळा सतारीपासून काढून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवावा, तसा हा प्रकार.

वाढवण्याचे हे काम पूर्वी काचेचे व्हॉल्व्ह करीत. १९०४ साली फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने दिव्यासारख्या निर्वात काचेत दोन टोके बसवून पहिला व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्या दोहोंच्या मध्ये तिसरे टोक घातले, आणि सगळी जादू त्या तिसऱ्यात निघाली. पाटाच्या पाण्यावर एक लहानसे दार असावे, ते एका बोटाने हलवावे, आणि तेवढ्याने सारा लोंढा कमीजास्त व्हावा, तसे गिटारची ती दुबळी लहर त्या मधल्या जाळीला हलवते आणि तिच्याबरहुकूम मोठा प्रवाह डुलू लागतो. आमच्या लहानपणी घरात ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी रेडिओ होता. त्याचे बटण फिरवले की लगेच काही ऐकू येत नसे. आधी आत तांबूस उजेड व्हायचा, मग धूळ तापल्याचा वास यायचा, आणि मग कुणी विहिरीच्या तळातून वर येत असावे तसा आवाज हळूहळू वर यायचा. आमचे वडील तेवढ्यात घड्याळाला किल्ली देऊन घेत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी असे रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. मग ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओने, दूरदर्शनने, गणकयंत्रांनी, सर्वांनी व्हॉल्व्हला रामराम केला. चिकटून राहिले ते गिटारवाले. त्यांना विचारले, का बाबा? तर ते म्हणतात, 'आवाज ऊबदार येतो.' ऊबदार हा शब्द मला गोधडीपलीकडे कधी समजला नाही. मला जे समजले ते तंबोऱ्यावरून.

आमच्या घरात मिरजेचा एक तंबोरा आहे. तो माझा नव्हे, हिचा; माहेरून आलेला. त्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो धागा केसभर मागेपुढे सरकवला की मघापर्यंत कोरडी वाजणारी तार एकाएकी बोलू लागते. एका सुरातून दहा सूर निघतात, षड्जाच्या अंगावर गंधार उमटतो. यालाच जवारी लागणे म्हणतात. तार घोडीवर नुसती टेकत नाही, तिला घासत, चाटत जाते, आणि त्या घासण्यातून वरचे स्वर जन्मतात. शुद्ध गणिताच्या दृष्टीने पाहाल तर हा बिघाड आहे. पण तो बिघाड काढून टाकलेला तंबोरा कुणी मांडीवर घेणार नाही.

व्हॉल्व्हचे नेमके हेच आहे. त्याच्या ताकदीपेक्षा थोडे जास्त काम त्याला सांगितले की लाटेचा माथा चेपला जातो. पण सुरीने कापल्यासारखा नव्हे, ओल्या मातीवर तळहात ठेवावा तसा. त्या चेपण्यातून वरचे स्वर उमटतात. सूर जाडावतो, किंचित खरखरतो, लांबतो. ट्रान्झिस्टरच्या साध्या मंडलात हाच माथा बहुधा एकदम छाटला जातो, म्हणून तो कानाला बोचतो. पाश्चात्त्य लोकांनी या प्रकाराला नावे पुष्कळ दिली आहेत. मी त्याला जवारीच म्हणतो.

आता यातली अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. जवारी लागते ती व्हॉल्व्ह दमला म्हणजे. व्हॉल्व्ह दमायचा तर आवाज वाढवायला हवा. आणि आवाज वाढवला म्हणजे भिंती आहेत, शेजारी आहेत, आणि कान आहेत.

हा घोळ आजचा नाही. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण त्याने केलेल्या गिटारी आणि पेट्या जगभर गेल्या. त्याला हवा होता तो निर्मळ, काचेसारखा आवाज. आवाज फाटणे हा त्याच्या लेखी दोषच. त्याची 'बासमन' नावाची, दहा इंची चार स्पीकरांची पेटी पन्नाशीच्या दशकाअखेर प्रसिद्ध झाली. तिकडे लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रम शिकवणाऱ्या मास्तरांचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकेहून आणलेल्या पेट्या तिथल्या पोरांना परवडेनात. तेव्हा मार्शल आणि त्यांचे दोघे कारागीर यांनी १९६२ च्या सुमारास त्या बासमनवर बेतून आपली पेटी केली. बेत तोच, पण व्हॉल्व्ह वेगळे, स्पीकर वेगळे, आणि आवाज लवकर फाटणारा. पोरांना तेच हवे होते! १९६६ साली लंडनच्या डेका स्टुडिओत एरिक क्लॅप्टन या तरुणाने मार्शलची पेटी मनसोक्त मोठी करून वाजवली, आणि तेव्हापासून तो दोष हाच गुण ठरला. माझ्या मते एका ड्रमवाल्याने आणि एका गिटार न वाजवणाऱ्याने मिळून गिटारचा इतिहास घडवला, ही गोष्ट वादकांनी अधूनमधून आठवावी.

त्याच सुमारास, १९६५ च्या आसपास, 'द हू' या वाद्यवृंदाच्या मंडळींनी मार्शलकडे आणखी मोठी पेटी मागितली आणि शंभर वॅटची पेटी जन्माला आली. त्याच वृंदाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी पुढे आपल्या कानांच्या दुखण्याविषयी जाहीरपणे सांगितले. त्यांनी दोष दिला तो मुख्यतः स्टुडिओतल्या हेडफोनला. कशाला का असेना. गेलेले ऐकणे परत येत नाही.

इथे मला माझ्या कानांविषयी सांगणे भाग आहे. मी बँकेत नोकरी केली. पण ऐंशीच्या दशकात गणपतीचे दहा आणि नवरात्राचे नऊ दिवस मी बँकेचा नव्हे, एका ऑर्केस्ट्राचा माणूस असे. रात्री दोन-दोन कार्यक्रम. माझी जागा डाव्या अंगाला, मंडपाच्या खांबाला लावलेल्या कर्ण्यांच्या अगदी पुढे. त्या वयात तो आवाज छातीत घुमला की धन्य वाटायचे. पुढे संसार, बदल्या, मुलीचे शिक्षण. गिटार माळ्यावर गेली ती २०१८ साली निवृत्त झाल्यावरच खाली आली. ती आली त्याच महिन्यात माझ्या लक्षात आले, की रात्री सगळे निजल्यावर डाव्या कानात एक बारीक शीळ चालू असते. कुकरची नव्हे, हे मी स्वयंपाकघरात जाऊन पाहून आलो.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवले, कानांवर यंत्र चढवले आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितले. मग त्यांनी एक आलेख माझ्यापुढे ठेवला. रेघ बरी चालली होती. चार हजार कंपनांपाशी मात्र ती खड्ड्यात पाय पडावा तशी खाली गेली होती. 'हा गोंगाटाचा खड्डा,' त्या म्हणाल्या. 'भरून येत नाही. आणखी खोल होऊ नये, एवढेच आपल्या हातात.' अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यासाठी असलेल्या सरकारी संस्थेचा ठोकताळाही त्यांनी मला लिहून दिला : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलना वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. मंडपातल्या माझ्या जागी मी रोज किती आयुष्य खर्च करीत होतो, त्याचा हिशेब बँकेतल्या माणसाला तोंडी करता आला.

मी घरी आलो तो खिन्न होऊनच. पण कागद घेऊन बसलो तेव्हा एक मौज दिसली. माझ्या गिटारवरचा सर्वांत उंच स्वर बाराशे कंपनांच्याही आतला. म्हणजे स्वर सगळे शाबूत. गेले ते त्यांच्या अंगावरचे वरचे स्वर. थोडक्यात, माझी जवारी उतरली होती. आणि दुसरी मौज : गिटारच्या पेटीचा स्पीकर हा गाणी ऐकण्याच्या स्पीकरासारखा नसतो. पाच हजार कंपनांच्या पुढे तो फारसे काही बोलतच नाही. देवाने माझा कान आणि गिटारवाल्यांनी आपला स्पीकर जवळजवळ एकाच ठिकाणी आणून सोडला होता! तेव्हा ठरवले, की पेटी घ्यायची. पण अशी, की जी कमीत कमी आवाजात जास्तीत जास्त जवारी देईल.

दुकानातला मुलगा गोड होता. 'काका, पन्नास वॅट घ्या. अष्टपैलू आहे. तीन चॅनेल, अठरा बटणे.' अष्टपैलू या शब्दाने मला जरा गोंधळात टाकले. मी त्याला म्हटले, 'पन्नास वॅट पाच वॅटच्या दहापट मोठ्याने वाजते का रे?' तो म्हणाला, 'अर्थात!' तसे ते नसते. आपला कान फार काटकसरी आहे. आवाज दुप्पट वाटायचा तर शक्ती सुमारे दसपट लागते. म्हणजे पन्नास वॅटची पेटी पाच वॅटच्या पेटीच्या फक्त दुप्पट मोठी. आणि घरात पाच वॅटसुद्धा खिडकीची काच थरथरवायला पुरतात. वॅटचा आकडा म्हणजे घराण्याचा बडेजाव. रोजच्या जेवणात त्याचा उपयोग नाही.

मी तीन महिने हिंडलो. फेंडरची 'डीलक्स रिव्हर्ब' वाजवली. बावीस वॅट, बारा इंची एकच स्पीकर, आत स्प्रिंगा टांगून केलेला घुमारा; दगडी देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार म्हणावा तसा. इतका निर्मळ आवाज मी दुसरा ऐकला नाही. पण तिला जवारी लागायची तर बटण अर्ध्याच्या वर न्यावे लागे, आणि मग डॉक्टरीणबाईंचा कागद खिशात फडफडू लागे. व्हॉक्सची पंधरा वॅटची पेटीही ऐकली. तिच्यात ईएल ८४ नावाचे दोन व्हॉल्व्ह असतात. हे व्हॉल्व्ह मूळचे रेडिओच्या घराण्यातले. फिलिप्सने पन्नाशीच्या दशकात काढलेले. तिच्या मोठ्या बहिणीत, तीस वॅटच्या पेटीत, चार. त्या थोरल्या पेटीवर 'क्वीन' या वृंदाचे ब्रायन मे वाजवतात. तेच ते, ज्यांनी वडिलांच्या मदतीने शेकोटीच्या जुन्या लाकडातून आपली गिटार घरीच केली. (त्यांचे गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकले, हे पुष्कळांना ठाऊक असते, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.) या ब्रायन मे यांची रीत मला फार पटली. पेटी एकदा चढवून ठेवायची आणि तिच्याकडे पुन्हा बघायचे नाही; आवाज निर्मळ हवा तेव्हा गिटारवरचे बटण उतरवायचे. एकाच पेटीतून कुजबूज आणि गर्जना दोन्ही. अष्टपैलू म्हणावे तर याला. अठरा बटणांची पेटी अठरा प्रकारे बोलते खरी, पण बोट हळू टेकवले की जोरात, याची तिला खबर नसेल तर ती अष्टपैलू कसली? तो नुसता बहुरूपी.

आवाज न वाढवता जवारी आणण्याची एक युक्ती कॅलिफोर्नियाच्या रँडल स्मिथ यांनी सत्तरीच्या आसपास रूढ केली. शेवटचे मोठे व्हॉल्व्ह दमवायचे कशाला? त्यांच्या आधी जे लहान व्हॉल्व्ह असतात, त्यांचीच एकापुढे एक उतरंड लावायची, तिथेच लाट चेपून घ्यायची, आणि शेवटी एका बटणाने सगळे हवे तेवढे लहान करायचे. 'मेसा बूगी' नावाच्या त्यांच्या पेट्या त्यातूनच निघाल्या. युक्ती नामी आहे. पण मोठे व्हॉल्व्ह झोपलेलेच राहिले तर आवाजात कुठे तरी फोडणीची उणीव भासते.

भाच्याने वेगळेच सुचवले. 'मामा, आता छोट्या डब्यात शंभर पेट्यांच्या नकला मिळतात. वजन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, किंमत निम्मी.' मी वाजवून पाहिले, आणि खोटे कशाला बोलू, नकला हुबेहूब होत्या. ज्याला रोज नव्या गावी कार्यक्रम करायचा आहे त्याने तोच डबा घ्यावा. मला मात्र शंभरातले कोणते निवडावे या विचारातच अर्धा तास गेला, आणि गिटार मांडीवर तशीच राहिली.

अखेर जमले ते ऑरेंज नावाच्या विलायती कंपनीच्या 'रॉकर १५'शी. नारिंगी रंगाची, दहा इंची स्पीकरची, ट्रंकेएवढी पेटी. तेच दोन ईएल ८४. दोन वाटा. एकीला 'नॅचरल' म्हणतात. तिच्यावर एकच बटण, लहान आणि मोठे. दुसरीला त्यांनी चक्क मळकी असे नाव दिले आहे. तिथे जवारी किती लावायची त्याचे वेगळे बटण. पण माझा जीव जडला तो पुढच्या-मागच्या दोन खटक्यांवर. पुढचा खटका पंधरा वॅटचे सात करतो. मागच्या खटक्यावर एका अंगाला 'बेडरूम' असे छापले आहे. तो दाबला की पंधराचा एक होतो आणि साताचा अर्धा! अर्धा वॅट! आमच्या देवघरातला विजेचा दिवासुद्धा याहून जास्त खातो. आणि या अर्ध्या वॅटवर ते दोन मोठे व्हॉल्व्ह लवकर दमतात, फुलतात, गाऊ लागतात.

घेण्याआधी हिला दुकानात नेले. हिला माझ्या गिटारचे फारसे कौतुक नाही. लग्नानंतर पहिली दहा वर्षे ती सणासुदीला एकटी असे, ते तिने विसरावे तरी कसे? दुकानात ती स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी नॅचरलवर एक खर्जाची तार हळू छेडली, मग तीच जरा जोरात. ती सहज म्हणाली, 'अहो, याची जवारी लागली आहे की!' माझ्या तोंडचा शब्द, मी तो तिच्याजवळ कधी उच्चारला नव्हता. मी पैसे मोजले.

आता ती पेटी कोनाड्याशेजारी असते. दुपारी चार वाजता तिचे बटण दाबतो. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थोडा वेळ जातो, तेवढ्यात मी चहा आणून ठेवतो. मागच्या जाळीतून आतला तांबूस उजेड दिसतो. बोट मात्र घालायचे नाही, आत तीनशे व्होल्टच्या वर विजेचा वास असतो आणि बटण बंद केल्यावरही ती काही काळ दबा धरून बसते. असली कामे कारागिराची. लहान व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे चालतात. मोठे थोडे आधी थकतात, म्हणून स्लोव्हाकियातल्या चाडत्सा गावी झालेली एक जोडी मी कापसात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. तिथे एक कारखाना अजून हे काम करतो, रशियात साराटोव्हला एक आहे, चीनमध्येही होतात. जगातल्या इतक्या थोड्या जागी हे दिवे पेटतात, आणि त्यांतले दोन आमच्या घरात!

मळक्या वाटेवर मी फार जात नाही. नॅचरल वाटेवर बटण अर्ध्यावर, अर्धा वॅट, आणि बाकी सगळे उजव्या हाताच्या बोटांवर. नखाच्या टोकाने छेडले तर सूर पाण्यावरच्या थेंबासारखा उमटतो. अंगठा घट्ट दाबून ओढला तर त्यावर किंचित लव चढते. मींड घेतली की ती लव सुराबरोबर वळते. ऑर्केस्ट्रात वीस वर्षांत जितकी बोटांकडे पाहिली नसतील तितकी मी आता पाहतो, कारण आवाज लहान असला की बोटांची लबाडी लपत नाही. हीही कधी तंबोरा जुळवून बसते. पेटीचा आणि तंबोऱ्याचा षड्ज एक झाला की कानातली ती शीळ त्यात मिसळून जाते. जात नाही, पण ऐकू येईनाशी होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आजवर एकदाच विचारले, 'तुमच्याकडे दुपारी रेडिओ लावता का हो? गाणे ओळखीचे वाटत नाही.'

मागच्या तपासणीत आलेखातला खड्डा होता तेवढाच होता. पुढची तपासणी तुळशीच्या लग्नानंतर आहे. तोपर्यंत चार ते पावणेपाच, आणि रविवारी हिची हरकत नसेल तर पाचपर्यंत.